मिश्री न लावलेलं बोट

हिर्डोशीच्या मंगलनं मिश्री याआधी तीनदा सोडली होती. पहिल्यांदा सहा दिवस, दुसऱ्यांदा पंधरा, आणि तिसऱ्यांदा लेकीच्या बारावीपायी तब्बल सव्वा महिना. पण तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास नाकात शिरला की तिचं बोट आपोआप डबीकडं वळायचं, आणि सकाळी दात घासायच्या निमित्तानं लावलेली काळी भुकटी दिवस मावळेपर्यंत चारदा हिरड्यांवर फिरायची. त्यामुळे चौथ्यांदा ती सोडते म्हणाली, तेव्हा घरात कोणी हातातलं काम थांबवूनसुद्धा ऐकलं नाही.

या वेळी कारण मात्र वेगळं होतं. गेल्या श्रावणात गोठ्यात म्हैस बांधताना म्हशीनं माशी हाकलायला मान झटकली आणि शिंग मंगलच्या तोंडावर बसलं. वरचे पुढचे दोन दात गेले. त्रेचाळिसाव्या वर्षी दोन दात जाणं म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे. पण मंगल हसरी बाई होती, आणि तेव्हापासून ती पदर तोंडावर धरल्याशिवाय हसेनाशी झाली. पुढं पुढं हसायचंच टाळायला लागली.

उत्रोलीला दिलेल्या तिच्या बहिणीची मुलगी नूतन भोरमध्ये डॉक्टर शेफालींच्या दातांच्या दवाखान्यात कामाला होती. तिनंच मावशीला तिथं नेलं. डॉक्टरांनी हाडात दोन स्क्रू बसवायचे, ते हाडानं धरले की चार महिन्यांनी त्यावर पक्के दात लावायचे, असं समजावून सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या की एक गोष्ट आधी ठरवून या. मिश्री चालू राहणार असेल तर हाड स्क्रूला धरणार नाही, मग माझीही मेहनत फुकट आणि तुमचाही त्रास फुकट. नूतननं मावशीच्या आधीच मान डोलावली. माझी मावशी सोडेल, मी सांगते, असं ती डॉक्टरांना म्हणाली.

मंगलचा स्वतःवर तेवढा भरवसा नव्हता. म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती भैरवनाथाच्या देवळात गेली आणि तिनं बेलभंडार उचलला. या डोंगरात ही गोष्ट साधी नाही. बांधाची भांडणं, चोरीचे आळ, भावाभावांतले संशय कोर्टकचेरीनं मिटत नाहीत तेव्हा माणसं बेलाची पानं आणि भंडारा हातात घेऊन देवासमोर बोलतात, आणि तसं बोललेलं कोणी फिरवत नाही. दातांसाठी कोणी बेलभंडार उचलल्याचं मात्र गावानं ऐकलं नव्हतं. गुरव चिमाजीनं तिला दोनदा विचारलं, नक्की कशासाठी म्हणून.

"आजपासनं मिश्री तोंडाला लावणार न्हाई," मंगल म्हणाली. "लावली तर नाथा, तू बघून घे."

दिवाळी उरकली आणि स्क्रू बसले. त्याआधी दवाखान्यात एक फॉर्म भरायचा होता. साखर, रक्तदाब, दमा, थायरॉईड, आणखी काय काय, आणि प्रत्येकापुढं हो किंवा नाही. मावशीला काय झालंय, ती तर आख्खं भाताचं खाचर एकटी लावते, असं म्हणत नूतननं ओळीनं सगळीकडं 'नाही'वर खुणा केल्या. रक्त तपासलं त्यात साखर नीट निघाली. तेवढ्यावर सगळे निर्धास्त झाले.

पण मंगलचा जीव काही थाऱ्यावर राहीना. हे नेमकं कधी सुरू झालं ते तिला सांगता आलं नसतं, पण दिवाळीचा फराळ करतानाच तिच्या हातून चकलीचा साचा दोनदा सुटला होता. मग हात कापायला लागले. बसल्या जागी छाती धडधडायची, धरणाच्या पाण्यापर्यंत धावत जाऊन आल्यासारखी. पौषाच्या थंडीत सगळं घर वाकळा ओढून बसायचं आणि ही दार उघडून उंबऱ्यात वारा घेत बसायची. बसायची म्हणजे काय, टेकायची आणि उठायची. अंगण एकदा झाडलेलं असलं तरी पुन्हा झाडायची. नाचणीचं पीठ संपलेलं नसताना दळण काढायची. कोणी हळू बोललं की तिला राग यायचा, कोणी काम सावकाश केलं की राग यायचा, आणि राग ओसरला की रडू यायचं. जेवायची आधीच्या दुप्पट, आणि तरी पोलकी अंगावर लोंबायला लागली.

"मिश्रीची तलफ हाय ती," सासू ठकुबाईनं निकाल दिला. ठकुबाई स्वतः सत्तरीची आणि साठ वर्षं मिश्री लावणारी, म्हणजे या विषयातलं तिचं मत गावात शेवटचं. शेजारची भामाबाईही तेच म्हणाली. तिच्या भावानं दारू सोडली तेव्हा तोही असाच कापायचा. नवरा सोमनाथला बायकोनं एवढा त्रास काढून दम धरला याचं मनातून कौतुक होतं, आणि एकदा भोरहून येताना त्यानं तिच्यासाठी बडीशेपेची पुडी आणली. जानेवारीत दाखवायला गेल्यावर मंगलनं डॉक्टर शेफालींना धडधड सांगितली. त्यांनी काही विचारायच्या आत नूतन म्हणाली, मिश्री सोडल्यापासून होतंय. डॉक्टरांनी ते तसंच कागदावर लिहून घेतलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मंगललाही ते पटलं होतं, हीच खरी गंमत. एवढी धडधड सोसून आपण देवाला दिलेला शब्द पाळतोय, या विचारानं तिला उलट बळ यायचं. सासूसाठी दर शनिवारी तव्यावर तंबाखू तीच भाजायची, ती कुटून डबीत तीच भरायची, डोळ्यांत धूर जायचा, नाक चाळवायचं, आणि तरी बोट तोंडाकडं जायचं नाही. दाराआडून ठकुबाई बघत असायची. शिवाय रोज सकाळी मंगल तोंड धुऊन आली की म्हातारी तिच्या डाव्या हाताचं बोट बघून घ्यायची. मिश्री लावणाऱ्या बाईचं बोट नखाच्या कडेनं काळं पडतं, ते धुऊन लपत नाही. मंगल हसत बोट पुढं करायची. तिला लपवायचं काहीच नव्हतं.

माघ अर्धा सरला आणि एक स्क्रू हलायला लागला. आठ दिवसांत दुसराही हलायला लागला. डॉक्टर शेफालींनी एक्स-रे काढला, बराच वेळ पाहिला, आणि दोन्ही स्क्रू काढून टाकले. काढताना जोर लावावा लागला नाही, चिखलातून खुंटी निघावी तसे निघाले. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि अगदी हळू आवाजात विचारलं की मध्ये कधी चुकून मिश्री लावली गेली का. त्या ओरडल्या असत्या तर मंगलला बरं वाटलं असतं. तिनं नाही म्हणून मान हलवली. तोंडात कापूस होता, बोलता येत नव्हतं. तिनं नूतनकडं पाहिलं, तर नूतन हत्यारं धुवायच्या निमित्तानं पाठ फिरवून उभी होती.

घरी गोष्ट तिच्याआधी पोहोचली होती. मोबाईल असल्यावर आणखी काय होणार. ठकुबाई म्हणाली, मला संशय होताच, माझी डबी हल्ली लवकर सरते. भामाबाई म्हणाली, जाऊ द्या, माणसाच्या हातून होतं. तिच्या या समजूतदारपणाचा मंगलला जास्त संताप आला. पण हे सगळं तिनं गिळलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तोंड धुऊन आली तेव्हा ओट्यावर सोमनाथ बसलेला होता. त्यानं तिच्याकडं न बघता हात पुढं केला.

"बोट दाव," तो म्हणाला.

बावीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला कधी असं काही विचारलं नव्हतं. मंगलनं बोट दाखवलं. ते स्वच्छ होतं. त्यानं ते पाहिलं, आणि स्वच्छ बोट पाहूनही त्याच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. "धुतलं असंल," असं तो तोंडानं म्हणाला नाही, पण तिला ते ऐकू आलं. मग रोज सकाळी तसंच होऊ लागलं.

खरा घाव पुढंच होता. चैत्रात नाथाची जत्रा असते, आणि देवाचा पहिला निवद सोमनाथच्या घरून जातो. आधी तो ठकुबाई करायची. तिचे गुडघे गेल्यापासून सात वर्षं मंगल करत होती, निर्जळी उपवास करून, ओलेत्यानं. ठकुबाईनं चुलीपुढं बसून शांतपणे सांगितलं की यंदा निवद मंगलची धाकटी जाऊ करेल. बेलभंडार मोडलेल्या हातचं नाथाला चालत नाही. सोमनाथ तिथंच भाकरी खात होता. त्यानं मान वर केली नाही.

मंगलला वाटलं होतं की ती भांडेल. पण छाती एवढी धडधडत होती की ती बाहेर गेली आणि खाचराच्या बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिली. दात गेले याचं आता तिला काही वाटत नव्हतं. जत्रेत सगळं गाव बघणार होतं की निवदाचं ताट कोणाच्या हातात आहे, आणि लेकीला द्यायची त्या घरापर्यंत हे जाणार होतं की हिची आई देवापुढं खोटं बोलली. फेऱ्या मारता मारता तिच्या मनात वाईटसाईट येऊ लागलं. शनिवारी तंबाखू भाजताना नाकात धूर जातो, तोच देवानं धरला नसेल ना? की आपणच कधी झोपेत उठून डबी उघडली? ज्या बाईनं पाच महिने बोट तोंडाला लावलं नव्हतं, ती आता स्वतःचीच झडती घ्यायला लागली होती. याच्यापुढं आपण वेड्या होऊ, हे तिला कळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती कोणाला न विचारता भोरला गेली.

शिमगा नुकताच झाला होता. दवाखान्यात गर्दी नव्हती. मंगल सरळ आत गेली आणि डॉक्टर शेफालींपुढं उभी राहिली.

"मला एक दाखला द्या," ती म्हणाली. "मी मिश्री लावत न्हाई म्हणून. शिक्का मारून."

नूतननं लाजेनं कपाळाला हात लावला. डॉक्टर म्हणाल्या की असा दाखला कोणी देत नाही.

"का न्हाई देत? सरपंच रहिवाशाचा देतो, बँकेत हयातीचा लागतो. तुमी तोंड बघता, तुमी तोंडाचा द्या."

डॉक्टरांना हसू आलं असावं, पण मंगलचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि खरोखरच तोंड तपासलं, दिवा फिरवून, आरसा लावून, जिभेखाली, गालाच्या आत. दसऱ्यानंतर त्यांनी स्वतः दात साफ करून दिले होते, तेव्हा मागच्या दाढांवरचा काळा थर खरवडायला पाऊण तास लागला होता. त्यातला कणभरसुद्धा परत आलेला नव्हता. हिरड्या फिकट गुलाबी होत्या. मग त्यांनी वही पुढं केली आणि तपासल्याची नोंद ठेवायला सही करा म्हणाल्या. मंगल सातवी शिकलेली, तिचं अक्षर वळणदार. पण त्या दिवशी नाव कागदावर चढउतार करत गेलं. मागच्या पानावर दिवाळीतली सही होती. डॉक्टरांनी दोन्ही शेजारी धरून पाहिल्या.

"हात समोर धरा. सरळ. बोटं पसरा." त्यांनी एक कोरा कागद तिच्या पालथ्या हातांवर ठेवला. कागद पिंपळाच्या पानासारखा थरथरायला लागला. "हे कधीपासून?"

"मिश्री सोडल्यापासनं. तलफेनं."

"मावशी, तलफ दोन-तीन आठवडे राहते. फार तर महिना. तुम्हाला पाच महिने झाले." जानेवारीतला कागद त्यांनी काढला, त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, तंबाखू सोडल्यामुळे धडधड. "हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. चूक माझी आहे."

मग त्यांनी नाडी धरली. मिनिटाला एकशे वीस. मग प्रश्नामागून प्रश्न. झोप? गरम होतं? वजन? पाळी? आणि मंगल सांगत गेली, कारण पाच महिन्यांत पहिल्यांदाच कोणी उत्तर ऐकायला थांबलं होतं. माहेरी असं कोणाला झालं होतं का, असं विचारल्यावर तिला आई आठवली. तिचं माहेर वेल्ह्याकडचं. तिची आई चाळिशीनंतर अशीच वाळत गेली होती. पोटभर खायची, रात्रंदिवस कामाला जुंपलेली असायची, डोळे मोठे होऊन बाहेर आल्यासारखे दिसायचे. वेल्ह्यात सगळे म्हणायचे, नजर लागली. दरवर्षी मेंगाई देवीला नारळ फोडायचे आणि आई दरवर्षी आणखी बारीक व्हायची. मंगल हे सांगत असताना नूतन हातातलं काम सोडून ऐकत होती. ती तिचीही आजी होती. दिवाळीत त्या फॉर्मवर ओळीनं खुणा करताना तिला आजी आठवली नव्हती, आणि आता ती रडायला लागली.

त्याच दिवशी रक्त घेतलं, ते पुण्याला गेलं. दोन दिवस मंगल उत्रोलीला बहिणीकडं राहिली. घरी फोन करून तिनं फक्त मुक्काम सांगितला. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर शेफाली तिला घेऊन स्वतः पलीकडच्या गल्लीतल्या मोठ्या डॉक्टरांकडं गेल्या. थायरॉईड वाढलेला होता, आणि थोडाथोडका नाही.

परत आल्यावर त्यांनी तिला समजावलं. गळ्यात एक लहानशी ग्रंथी असते. तिच्यातून जो रस निघतो त्यावर शरीराचा वेग ठरतो. तुमची ग्रंथी बेसुमार काम करते आहे, म्हणून छाती धावते, हात कापतात, अन्न अंगी लागत नाही. हाडाचंही तसंच. हाड रोज थोडं झिजतं आणि थोडं भरतं. तुमचं झिजणं भरण्याच्या पुढं गेलं, मग नवीन स्क्रूला घट्ट धरायला हाडाला सवडच मिळाली नाही.

"म्हंजी नवा बांध घातला आन् माती बसायच्या आदीच पाण्यानं नेली," मंगल म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावली. आता आधी गोळ्या, दर महिन्याला रक्त, आणि ग्रंथी ताळ्यावर आली की सहा महिन्यांनी, कदाचित वर्षानं, पुन्हा स्क्रूचा विचार. बसतील असं मला वाटतं, त्या म्हणाल्या, पण आत्ता शब्द देत नाही. मंगलला ते आवडलं. शब्द देण्याघेण्याचा तिला उबग आला होता.

मग डॉक्टरांनी आपल्या कागदावर लिहून दिलं. तपासणीत तंबाखूच्या अलीकडच्या वापराची खूण आढळली नाही. थायरॉईडचा आजार आहे. स्क्रू सुटण्यामागं तो महत्त्वाचं कारण असू शकतो. खाली सही, शिक्का. मंगलनं कागद दोनदा वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. एवढं 'असू शकतो' तेवढं काढा, हाय म्हणून लिवा, असं ती म्हणाली.

"ते काढलं तर मी खोटं लिहिल्यासारखं होईल," डॉक्टर म्हणाल्या.

मंगलनं कागदाची घडी घातली आणि पोलक्यात ठेवली.

ती घरी पोहोचली तेव्हा सोमनाथ ओट्यावर बसून दोर वळत होता. त्यानं कागद घेतला, ओठ हलवत सगळा वाचला, शिक्का निरखून पाहिला, मग रिपोर्ट वाचला, त्यातलं काही कळलं नाही तरी पुन्हा वाचला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा महिन्याभराचा ताण उतरला. आत जाऊन त्यानं आईला मोठ्यानं सांगितलं की हिनं मिश्री लावलेलीच नव्हती, हिला गळ्याचा आजार आहे, कागद आहे. ठकुबाईनं कागद उलटा धरून पाहिला, शिक्क्यावरून बोट फिरवलं, आणि म्हणाली की मग डबीतली मीच जास्त लावत असेन. म्हातारीच्या तोंडून एवढी कबुली साठ वर्षांत कोणी ऐकली नव्हती. निवद मंगलनंच करायचा, हेही तिनं लगेच ठरवून टाकलं. मंगलला सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी तिनं पहिली गोळी घेतली, आणि पदर न धरता भामाबाईशी बोलली.

जत्रेला चार दिवस राहिले तेव्हा गुरव चिमाजी निवदाचं विचारायला आला. ओट्यावर चहा पिताना त्याला कळलं की निवद मंगलकडून काढून घेतला होता आणि डॉक्टरच्या कागदामुळं तो परत मिळाला. त्याला काही उमगेना.

"पन कागद कशापायी लागला?" तो म्हणाला. "शिमग्याच्या आदल्या रविवारी सोमनाथ कौल लावून गेला की. देवाला दोन कळ्या लावल्या, मंगल खोटं बोलती का खरं म्हून. उजवी पडली. नाथानं तवाच सांगितलं, बाई खरी हाय."

चिमाजी चहा संपवून गेला. त्याला वाटलं असावं की आपण चांगलीच बातमी दिली. मंगल उंबऱ्याला धरून उभी होती. सोमनाथ दोराचं टोक उलगडत होता, पुन्हा वळत होता.

"देवानं उजवा दिला हुता," ती म्हणाली.

"व्हय."

"आन् तुमी सांगितलं न्हाई."

"मला वाटलं, कळी वाऱ्यानं पडली असंल."

मंगलनं मनात दिवस मोजले. कौल लावल्यानंतरही त्यानं रोज सकाळी बोट बघितलं होतं. निवद काढून घेतला त्या दिवशी चुलीपुढं भाकरी खाताना त्याला कौल ठाऊक होता. तिनं सांगितलं ते त्याला पटलं नाही. बोट स्वच्छ होतं, ते पटलं नाही. देवाकडं गेला, आणि देवाचंही पटलं नाही. पटला तो शिक्का, आणि त्या कागदावर तर साधं 'हाय' म्हणूनसुद्धा लिहिलेलं नव्हतं. एवढं सगळं तिच्या मनात आलं आणि ती फक्त एवढंच म्हणाली की शनिवारची मिश्री इथून पुढं ज्याची त्यानं भाजावी. मग आत गेली.

जत्रेच्या दिवशी ती उजाडायच्या आधी उठली, डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओलेत्यानं पुरण शिजायला घातलं. गोळ्या सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. छाती थोडी शांत झाली होती, हात मात्र अजून कापत होते, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की वेळ लागेल. सोमनाथ तोंड धुऊन ओट्यावर येऊन बसला. चार दिवसांपासून तो तिच्या समोर यायचं टाळत होता.

मंगल चूल सोडून बाहेर आली आणि त्याच्यापुढं उभी राहिली. तिनं डाव्या हाताचं बोट पुढं केलं.

सोमनाथनं मान खाली घातली. "ऱ्हाऊ दे की आता," तो म्हणाला.

"बघा."

"अगं, झालं ना ते."

"महिनाभर बघितलं. आज बी बघा. नीट बघा."

ती बोट तसंच धरून उभी राहिली. आत पुरण उतू जायला आलं होतं, ठकुबाई हाका मारत होती, खाली देवळात ढोल सुरू झाला होता. मंगल हलली नाही. शेवटी सोमनाथला मान वर करावी लागली. बोट स्वच्छ होतं, नखाची कडा पांढरी होती, आणि ते बोट थरथरत होतं. तो तिच्या बोटाकडं बघत राहिला. मग त्यानं ते आपल्या मुठीत धरलं, थरथर थांबावी म्हणून, पण ती थांबली नाही.

"दिसलं?" मंगलनं विचारलं.

"दिसलं," तो म्हणाला.

तिनं बोट सोडवून घेतलं आणि निवद करायला आत गेली.